सोडलेले बॉबव्हाईट वसंतापर्यंत टिकत का नाहीत? बिघाड शोधायचा क्रम

लक्षण सगळीकडे तेच असतं. जॉर्जिया, मिसुरी किंवा पूर्व टेक्सासात कोणीतरी पन्नास-साठ एकर घेतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फार्मवर वाढवलेले शंभर-दीडशे बॉबव्हाईट, म्हणजे लाव्यासारखे अमेरिकन रानपक्षी, आणून सोडतं. आठवडाभर पक्षी वाटेवर चरताना दिसतात, पाहुण्यांना कौतुकाने दाखवले जातात. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुमारास मोजकेच उरतात आणि मार्चमध्ये सगळं सामसूम. पुढच्या वर्षी फार्म बदलतो, दीडशेचे तीनशे होतात, निकाल मात्र तोच. इकडे जमीन घेतलेल्या मराठी मंडळींचीही ही तक्रार आता वरचेवर कानावर येते, आणि शेवटी प्रश्न ठरलेला: "चांगले पक्षी मिळतात कुठे?"

फार्म बदलून हे दुखणं जात नाही, संख्या वाढवूनही जात नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी स्वतःची पैदास केंद्रं चालवून पाहिली, मेक्सिकोतूनही पक्षी आणवले. रानातली संख्या काही वाढली नाही, आणि ती केंद्रं एकेक करून बंद पडली. सरकारच्या पैशाने जे साधलं नाही ते आपल्या पिकअपमधल्या चार खोक्यांनी साधेल असं मानायला कारण नाही. तेव्हा पुढची ऑर्डर देण्याआधी खालच्या क्रमाने तपासून पाहा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण शेवटच्या कारणापासून सुरुवात करतात आणि कोल्ह्या-रॅकूनला शिव्या घालत बसतात.

आधी कान लावा

बॉबव्हाईट दिसायला आपल्या लाव्यासारखा, कूळ मात्र वेगळं. वजन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. नर मे ते जुलै या काळात कुंपणाच्या खांबावर बसून स्वतःचंच नाव शीळ घालून सांगतो. ही शीळ ऐकली की लोक खूश होतात: "बघा, आपले पक्षी टिकले!" इथेच पहिली फसगत होते. ती शीळ बहुधा जोडीदार न मिळालेल्या नराची असते. तो शेजारच्या रानातून आलेला जंगली पक्षीही असू शकतो. म्हणून पक्षी सोडायचेच असतील तर प्रत्येकाच्या पायात कडी घाला. कडीशिवाय सोडलेल्या पक्ष्यांबद्दल पुढे काहीही ठरवता येत नाही.

खरी मोजदाद शरद ऋतूत होते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, वारा नसलेल्या स्वच्छ पहाटे, सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जाऊन उभे राहा. प्रत्येक थवा रात्रीच्या जागेवरून उठण्याआधी 'कोय-ली, कोय-ली' अशी साद देतो. सगळा खेळ काही मिनिटांचा असतो. शांत हवेत अर्ध्या किलोमीटरपर्यंतचे थवे कळतात. ही मोजदाद पक्षी सोडण्याच्या आधी केली पाहिजे. आधीच दोन थवे असतील तर तुमचं काम निराळं आहे: त्या दोनांचे चार होतील अशी जमीन करायची. अशा ठिकाणी फार्मचे पक्षी सोडणं म्हणजे घरच्या पोरांच्या पंगतीत बाहेरून आजारपण आणून बसवणं.

जमिनीवरही खूण सापडते. थवा रात्री गोल करून बसतो, शेपट्या आत, तोंडं बाहेर. एखाद्याने झडप घातली तर दहा-पंधरा पक्षी दहा-पंधरा दिशांना उडतात. सकाळी त्या जागी विष्ठेचं ताटलीएवढं गोल कडं राहतं, तपकिरी लेंड्या आणि टोकाला पांढरं. गवतात असं कडं दिसलं की तिथे थवा झोपतो एवढं नक्की.

पक्ष्यातला बिघाड

खोकं उघडलं की फार्मचा पक्षी कसा वागतो ते नीट बघा. तो चालत बाहेर येतो, टायरच्या खुणेत थांबतो, दोन दाणे टिपतो. तुम्ही दोन पावलं पुढे गेलात तर तो तुमच्या बुटांभोवती पळतो. जंगली थव्याजवळ गेलात तर काय होतं हे ज्याने अनुभवलंय त्याला हा फरक सांगायला नको. आधी काहीच दिसत नाही, मग पायाखालून एकदम फर्रर्र होतं आणि काळीज तोंडाशी येतं. तोपर्यंत पक्षी झाडोऱ्यापलीकडे गेलेले असतात.

हे शिक्षण आईबापांकडून मिळतं. घिरट्या घालणारा पक्षी दिसला की दबून बसायचं, कोणत्या हाकेला थिजायचं, कोणत्या हाकेला धावायचं हे पिल्लू पहिल्या काही आठवड्यांत शिकतं. बॉबव्हाईटमध्ये बापही अंडी उबवतो आणि पिल्लं सांभाळतो. इनक्युबेटरमधून निघालेल्या, दिव्याखाली वाढलेल्या पिल्लाला यातलं काही मिळत नाही. त्यात पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच निवड झालेली असते: जी मादी लवकर आणि भरपूर अंडी घालते, माणसाला बुजत नाही, तिचीच पैदास पुढे जाते. हे गुण फार्मवर सोन्यासारखे आणि रानात मरणाचे.

पोटाचंही तसंच. तयार मऊ खाद्यावर वाढलेल्या पक्ष्याचा पेषणकोष (दाणे दळणारं पोट) आणि आतड्याच्या आंधळ्या पिशव्या जंगली पक्ष्याइतक्या भरत नाहीत. त्याला रानातलं कठीण बी आणि चोथा पचवणं जड जातं. समोर अन्न असून तो अंगाने उतरत जातो.

पाच आठवडे जागेवरच पिल्लं वाढवायच्या पेट्या बाजारात मिळतात: गॅसचा हीटर, दाण्याचं आणि पाण्याचं भांडं, वर छप्पर. "पिल्लं त्याच रानाला घर समजतात," असं त्यामागचं तर्कट. घर समजतही असतील. पण घर ओळखणं आणि शिक्रा ओळखणं या दोन गोष्टी आहेत. पेटीत आईबाप नसतात, त्यामुळे मूळ दोष जसाच्या तसा राहतो.

आणि रोग. दाटीत वाढलेल्या लाव्यांमध्ये आतड्यांना व्रण पाडणारा क्लोस्ट्रिडियमचा रोग इतका सर्रास आढळतो की त्याला 'क्वेल डिसीज' असंच नाव पडलंय. तुमच्या रानात उरलेसुरले जंगली थवे असतील तर फार्मचे पक्षी न सोडायला हे आणखी एक कारण पुरे.

जमिनीतला बिघाड

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. 'माझ्याकडे गवत भरपूर आहे' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकतो तितक्या वेळा तिथे लाव्यांसाठी काही नसतं.

पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा सहा-सात ग्रॅमचं असतं. पहिले दोन आठवडे त्याचं पोट जवळजवळ पूर्णपणे किड्यांवर चालतं: नाकतोड्यांची पिल्लं, भुंगेरे, तुडतुडे. त्याला चालायला खाली मोकळी माती हवी, वरून पानांचं छत हवं आणि त्या छतावर किडे हवेत. तपासायची सोपी रीत म्हणजे फोन जमिनीवर आडवा ठेवून समोरचा फोटो घ्या. फोटोत देठांच्या मधून दोन-तीन हात लांबपर्यंत माती दिसली तर पिल्लू तिथे फिरू शकतं. फोटोत नुसती हिरवी भिंत आली तर ते रान त्याच्यासाठी बंद आहे, वरून कितीही सुंदर दिसो.

ही भिंत बहुतेक वेळा दोन गवतांची असते. उत्तरेकडे टॉल फेस्क्यू आणि दक्षिणेकडे बर्म्यूडा. बर्म्यूडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो तीच. ज्याने सोलापूर-सांगलीकडच्या शेतात हरळी खणून काढली आहे त्याला तिच्या चिवटपणाबद्दल वेगळं सांगायला नको. इकडे ती कुरणासाठी मुद्दाम लावतात. दोन्ही गवतं सतरंजीसारखी पसरतात, माती झाकतात, इतर बी रुजू देत नाहीत. फेस्क्यू घालवायचा तर उन्हाळ्याच्या शेवटी कापून किंवा चारून घ्या, सहा-आठ इंच नवी वाढ येऊ द्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, देशी झाडोरा सुप्त झाल्यावर, ग्लायफोसेट हे तणनाशक फवारा. हरळीला ही वेळ चालत नाही. ती जोमात वाढत असताना, भर उन्हाळ्यात गाठावी लागते, आणि एका फवारणीत ती जाईल अशी आशा धरू नका. नंतर लगेच महागडं बियाणं पेरायला धावू नका. मातीत दबलेलं देशी बी बहुधा आपणच वर येतं. आधी एक हंगाम थांबून काय उगवतं ते पाहा.

जे उगवतं ते पाहून पुष्कळांचा जीव खाली-वर होतो. रॅगवीड आपल्या गाजरगवताच्या गणगोतातलं, परागकणांनी नाक गळायला लावणारं. पण लाव्यासाठी त्याच्याइतकं चांगलं झाड क्वचितच. उन्हाळ्यात पिल्लांवर छत्री, हिवाळ्यात तेलकट बी. टाकळ्याच्या नात्यातली पिवळ्या फुलांची पार्ट्रिज पी तशीच. ही झाडं हवी असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत डिस्क हॅरो (माती उकरणारं तव्यांचं औजार) हलकासा फिरवा. दर वर्षी एक तृतीयांश पट्टा घ्या, सगळं रान एकदम नको. 'स्वच्छ' शेत दाखवायची हौस असेल तर लाव्यांचा नाद सोडा. ट्रॅक्टरला जोडलेल्या त्या गोल फिरणाऱ्या कापणी यंत्राने जेवढे लावे संपवले तेवढे बंदुकीने संपवले नसतील, हे माझं मत आहे आणि त्यावर भांडायची माझी तयारी आहे.

घरट्यासाठी मात्र निराळं गवत लागतं. झुबक्यांनी वाढणारं, आपल्या मारवेल-पवन्याच्या जातकुळीचं ब्लूस्टेम किंवा ब्रूमसेज, तेही मागच्या वर्षीचं वाळलेलं. मादी त्या झुबक्याच्या बुडाशी बारा-चौदा अंडी घालते, तेवीस दिवस उबवणी चालते. तिसरी गरज झुडपांची: जंगली प्लम, ब्लॅकबेरी. एका झुडपाशी उभं राहून फेकलेला चेंडू दुसऱ्या झुडपापर्यंत पोचावा इतक्या अंतरावर ती हवीत. झुडपाखालीही मोकळी जागा पाहिजे. बुडात फेस्क्यू घुसला असेल तर ते झुडूप नसल्यात जमा.

झुडपांच्या नावाखाली काय लावता तेही बघा. मल्टिफ्लोरा गुलाब आणि चिनी लेस्पिडेझा ही दोन्ही एकेकाळी सरकारनेच धूप रोखायला, वन्यजीवांसाठी म्हणून वाटली. आज तीच उपटायला पैसे खर्च होतात. चिनी लेस्पिडेझाचं बी लाव्याला पचत नाही.

पाइनचं रान असेल तर भर दुपारी आत जाऊन खाली बघा. निम्म्याहून जास्त जमिनीवर ऊन पडत नसेल तर झाडं जास्त झाली. विरळणी करा, आणि मग आग.

आग म्हटली की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो. पण फ्लोरिडातलं टॅलाहासी आणि जॉर्जियातलं थॉमसव्हिल यांच्या मधल्या रेड हिल्स भागात आजही जंगली बॉबव्हाईट भरपूर आहेत ते आगीमुळेच. तिथल्या शिकारी इस्टेटींचे मालक पक्षी कमी झाले म्हणून हवालदिल झाले आणि १९२४ साली त्यांच्या पैशाने तपास सुरू झाला. काम पक्षी-अभ्यासक हर्बर्ट स्टॉडर्ड यांच्याकडे होतं. वनखाते तेव्हा आगीच्या नावाने कडाकडा बोटं मोडत होते, स्टॉडर्ड यांनी उलटं सांगितलं: जाळणं थांबवलंत म्हणून रान दाटलं आणि पक्षी गेले. १९५८ साली तिथेच टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र उभं राहिलं. आजची तिथली रीत साधारण अशी: दर वर्षी, हिवाळा सरताना, जमिनीचा निम्मा भाग तुकड्यातुकड्यांनी जाळायचा, निम्मा घरट्यांसाठी राखायचा. आधी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, काढायची, परवानगी घ्यायची, वारा आणि हवेतला ओलावा पाहायचा, आणि पहिल्या वेळी जाणत्या माणसाशिवाय काडी लावायची नाही. हे यूट्यूब पाहून करायचं काम नाही.

पसाऱ्यातला बिघाड

समजा, तुमचे साठ एकर आता उत्तम झाले. तरी एक हिशोब उरतो. जंगली बॉबव्हाईटही वर्षाला शंभरातले सत्तर-ऐंशी मरतात. हा रोग नाही, ही त्यांची रीत आहे. ते भरून काढतात भरमसाट पिल्लांनी. पण एकच थवा असेल आणि एका बर्फाच्या वादळात तो गेला, तर भरपाई करायला शेजारी कोणी नको का? टिकणाऱ्या वस्तीसाठी हजार-दीड हजार एकर तरी सलग किंवा जोडलेलं रान लागतं असं जाणकार धरून चालतात.

म्हणून तुमचा उपाय कुंपणाच्या पलीकडे आहे. शेजाऱ्याच्या मका-सोयाबीनच्या कडेने ३० ते १२० फुटांचा पट्टा देशी गवताला सोडण्यासाठी केंद्राच्या शेती खात्याची योजना २००४पासून आहे, सीपी-३३ नावाची. मोबदला मिळतो. राज्याच्या वन्यजीव खात्यात खाजगी जमिनींसाठी नेमलेले जीवशास्त्रज्ञ असतात. ते फुकट येऊन रान पाहतात, लेखी आराखडा देतात. शंभर पक्ष्यांची ऑर्डर देण्याआधी हा एक फोन करावा. आपण इकडे येऊनही सरकारी माणसाला घरी बोलवायला बिचकतो, ते सोडा.

टेक्सास-ओक्लाहोमाच्या कोरड्या पट्ट्यात आणखी एक: तिथे संख्या पावसावर हेलकावते. दुष्काळी वर्षाच्या निकालावरून रान नापास करू नका.

शिकारी आणि दाणा

आता रॅकूनकडे येऊ. रॅकून, ओपोसम, स्कंक, साप, लाल मुंग्या हे सगळे घरटी लुटतात. कूपर्स हॉक, आपल्या शिक्र्याचा भाऊबंद, मोठे पक्षी उचलतो. त्याच्यावर बंदूक रोखायचा विचारही नको, १९१८च्या स्थलांतरी पक्षी कायद्याने तो गुन्हा आहे. शेतातली एकटी उंच झाडं काढली तर त्याची टेहळणीची जागा जाते, झुडपं वाढवली तर पक्ष्याला आसरा मिळतो. घरची मांजर घरात ठेवा. सापळे लावून रॅकून कमी करणं सुधारलेल्या रानात उपयोगी पडतं, उघड्या रानात ती मेहनत वाया जाते.

एका जागी शंभर पक्षी सोडणं आणि एका जागी दाण्याचं पिंप ठेवणं, दोन्ही म्हणजे शिकाऱ्यांना आमंत्रण. दाणा द्यायचाच तर दर दोन आठवड्यांनी झाडोऱ्यात लांबवर विखरून द्या. इकडे 'मायलो' म्हणून मिळते ती आपली ज्वारीच. बुरशी धरलेला स्वस्त मका नको, त्यातलं अफ्लाटॉक्सिन पक्ष्यांना मारतं.

मग पक्षी आणायचेच नाहीत का?

आजूबाजूला कोस-दोन कोसांत जंगली थवे असतील तर नाही. रान झालं की ते पसरतात, वेळ लागतो एवढंच. आसपास काहीच उरलं नसेल आणि रान मोठं असेल तर जंगलीच पक्षी पकडून हलवतात, हिवाळ्याच्या शेवटी, विणीच्या तोंडावर. २०१५ साली जॉर्जियातले जंगली बॉबव्हाईट न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधल्या एका क्रॅनबेरी फार्मच्या जंगलात सोडले. तिथे आधी अनेक वर्षं विरळणी आणि जाळणी झाली होती. त्याच उन्हाळ्यात त्यांनी घरटी केली. हे काम राज्याच्या परवानगीने आणि संशोधन संस्थेच्या हातूनच होतं. एकट्या जमीनदाराने स्वतः सापळे लावायचे नाहीत.

पिंजऱ्यातल्या पैदाशीला पर्याय नाही अशीही एक वेळ असते: जंगली पक्षी उरलेलेच नसतात तेव्हा. मास्क्ड बॉबव्हाईट, काळ्या चेहऱ्याच्या नरांची उपजात, अतिचराई आणि दुष्काळाने १९००च्या सुमारास ॲरिझोनातून नाहीशी झाली. तिच्यासाठी १९८५ साली ॲरिझोनातच ब्वेनोस आयरेस नावाचं अभयारण्य झालं. तिथे पिंजऱ्यातली पिल्लं वर्षानुवर्षं सोडली, वस्ती काही टिकली नाही. त्यात हाताला लागलेली कामाची युक्ती म्हणजे सावत्र बाप: टेक्सासच्या बॉबव्हाईट नराची नसबंदी करायची, त्याच्या ताब्यात पिल्लं द्यायची आणि कुटुंब म्हणून सोडायचं. म्हणजे पिंजऱ्याचा मूळ दोष, आईबाप नसणं, तो आधी दुरुस्त करायचा. इंग्लंडात करड्या पार्ट्रिजसाठीही (तितरासारखा पक्षी) हेच करतात, पिल्लं गमावलेल्या जंगली जोडीकडे वाढवलेली पिल्लं सोपवतात. पण तिथेही ससेक्समधल्या १९६८पासूनच्या अभ्यासाने मुख्य दुखणं दाखवलं ते तणनाशकांनी संपलेले किडे.

महाराष्ट्रातून "आमच्या माळावर लावे सोडू का?" असं विचारणाऱ्यांना: बाजारात मिळतो तो जपानी लावा, आपल्या माळाचा नव्हे. आणि आपले तितर-लावे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते पकडणं-पाळणं चालत नाही. माळ नांगरू नका, त्यावर झाडं लावायचे कार्यक्रम घेऊ नका, पावसाळ्यात थोडा भाग चराईपासून राखा.

ऑर्डर आधीच दिली असेल तर

पैसे गेलेत, खोकी येणार आहेत, आता काय? राज्याचा परवाना लागतो का ते आधी बघा, बऱ्याच राज्यांत लागतो. जिथे शरदात जंगली साद ऐकू आली त्या बाजूला हे पक्षी नेऊ नका. प्रत्येकाला कडी घाला. आजारी दिसणारा, पिसं फुलवून बसलेला पक्षी खोक्यातच ठेवा आणि फार्मला कळवा. कुत्र्याला वास घ्यायला शिकवायचं असेल किंवा त्याच दिवशी शिकार करायची असेल तर हे पक्षी त्या कामाला उत्तम आहेत, त्यासाठीच ते वाढवले जातात. थोडेथोडे सोडा, संध्याकाळपर्यंत उरलेले परत पकडता येतील असा हाक मारणारा एक पक्षी पिंजऱ्यात ठेवा. आणि पुढच्या वर्षीच्या पक्ष्यांचं बजेट डिस्क हॅरोच्या भाड्यात आणि जाळरेषेच्या डिझेलमध्ये घाला.